ओल्या कागदावरची वाशिष्ठी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की एकच चित्र येतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, तिथूनच नागमोडी वाहत येणारी निळी नदी, काठावर झोपडी आणि नारळाचं झाड. मी चिपळूणची. हे सगळं माझ्या दारात खरोखरच आहे. डोंगर आहेत, ते पूर्वेला असल्यामुळे सूर्यही त्यांच्याच मागून उगवतो, नदी आहे, माड तर परसात आहेत. पण त्यातली एकही गोष्ट त्या चित्रातल्यासारखी दिसत नाही. सह्याद्रीला त्रिकोण नाहीत. वाशिष्ठी निळी नाही. पावसाळ्यात ती तांबड्या मातीच्या रंगाची असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते तांबडं पाणी आम्ही घराघरांत पाहिलं आहे. पाऊस सरल्यावर ती हळूहळू हिरवट होत जाते, आणि हिवाळ्यात सकाळी तिला स्वतःचा असा रंगच नसतो, आभाळ देईल तो घेते. ही हिवाळ्यातली वाशिष्ठी आणि मागचा सह्याद्री जलरंगात जसा आहे तसा उतरवायचा, हे मी बरेच दिवस मनात धरलं होतं. ते चित्र कसं झालं ते लिहिते आहे.

जागा ठरवायला रंगवण्यापेक्षा जास्त वेळ गेला. अगदी नदीकाठी बसलं तर पाण्याची एक बारीक पट्टी तेवढी दिसते, तिच्यावर झाडांची भिंत, आणि डोंगर निम्मेअधिक त्या झाडांमागे लपलेले. शिवाय थंडीत वाशिष्ठीच्या चिखलाच्या काठांवर मगरी ऊन खात पडतात, त्यामुळे काठावर रंग मांडून तासन् तास बसण्यात शहाणपण नाही. शेवटी गोवळकोटला वर चढले. करंजेश्वरी देवीचं देऊळ आणि त्याच्या माथ्यावर गोविंदगड. गड छोटा, चढ थोडका, पण वर पोचलं की वाशिष्ठी पायाखाली वळण घेत जाताना दिसते. मधे हिरवी बेटं, काठाने कांदळवन, समोर पलीकडच्या तीरावर परशुरामचा डोंगर, आणि उजव्या हाताला दूरवर, एकामागे एक फिकट होत गेलेल्या सह्याद्रीच्या रांगा. सकाळचं ऊन उजवीकडून येतं. म्हणजे लांबच्या रांगा उन्हाच्या विरुद्ध बाजूने, नुसत्या आकाराच्या दिसतात, आणि परशुरामचा डोंगर एका अंगाने उजळतो. एकाच चित्रात दोन तऱ्हेचे डोंगर मिळतात. जलरंगात काम करणाऱ्याला याहून चांगली जागा कशाला हवी?

आता वेळ. वाशिष्ठी इथे नदी आणि खाडी दोन्ही आहे. वरून कोयनेचं पाणी येतं. पोफळीच्या वीजघरात वीज तयार करून झाली की ते वाशिष्ठीत सुटतं, आमच्याकडे त्याला अवजल म्हणतात. त्यामुळे कोकणातल्या बाकीच्या नद्या उन्हाळ्यात खडकांवर येतात तेव्हाही वाशिष्ठीला पाणी असतं. आणि खालून, दाभोळच्या मुखातून, भरतीचं पाणी चढतं. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी गडावरून पाहिलं तर काठाकाठाने राखाडी चिखल उघडा पडलेला, बेटांना किनार आलेली, आणि पाणी मधोमध सरकताना दिसतं. भरती पूर्ण झाली की हाच चिखल पार झाकून जातो, पाणी थेट झाडांच्या पानांना टेकतं आणि थोडा वेळ जागच्या जागी उभं राहतं. प्रतिबिंब नीट दिसतं ते तेवढ्या वेळातच. मला ते हवं होतं, आणि तेही सकाळच्या धुक्यात.

भरतीची वेळ काढायचा हिशेब खाडीकाठी सगळ्यांना येतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हा हिशेब समुद्राचा. खाडीत आत पाणी पोचायला त्याहून उशीर होतो. हे मला देवळाच्या पायरीवर भेटणाऱ्या एका मामांनी नीट समजावलं. त्यांचं आयुष्य या खाडीत होडी हाकण्यात गेलं आहे. मी विचारलं, “मामा, सकाळी उन्हं आल्यावर पाणी भरलेलं हवं असेल तर कधी येऊ?”

त्यांनी बोटांवर काही मोजलं. “नवमी-दशमीला ये बाय. भांगाचं पानी. फुगतं, पन पळत नाय.”

दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे दाभोळला साडेसात, आणि गोवळकोटला त्यानंतर. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, म्हणून भरती-ओहोटीत फरक कमी, पाण्याला वेगही कमी. हेच भांगाचं पाणी. पुनवेच्या उधाणात पाणी चढतं खूप, पण सारखं धावत असतं, त्यात प्रतिबिंब टिकत नाही. मामांनी ‘फुगतं, पन पळत नाय’ या चार शब्दांत मला चित्राचा दिवस काढून दिला.

सामानाचं फार सांगत नाही, एक गोष्ट सोडून. कोकणात जलरंगाचा खरा शत्रू म्हणजे कागदाला लागलेली ओल. चांगल्या कागदाला आतून-बाहेरून सरसाचा हात दिलेला असतो, त्यामुळे रंग वर तरंगतो आणि सावकाश बसतो. कागद पावसाळाभर उघडा राहिला तर हा सरस मरतो. मग रंग टेकवला की कागद तो जागीच शोषून घेतो, डाग डागच राहतो, पसरत नाही, आणि वाळल्यावर सगळं मळकट दिसतं. वर काळे ठिपके येतात ते वेगळेच. म्हणून मी कागद घेतले की लगेच प्लास्टिकच्या जाड पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करते आणि लोखंडी कपाटात आडवे ठेवते. या चित्राला ३०० जीएसएमचा, सुती, कोल्ड प्रेस्ड म्हणजे जरा खरखरीत कागद घेतला, क्वार्टर इम्पिरियल, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. याहून मोठा कागद गडावरच्या वाऱ्यात सांभाळणं कठीण. बोर्डाला चारी बाजूंनी टेप. रंग मोजकेच: कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, आणि एक पिवळा. तयार हिरवा घेतला नाही. ट्यूबमधला हिरवा कोकणातल्या कुठल्याच झाडावर नसतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसताना केकच्या पेटीतला तो हिरवा आम्ही सगळ्यांनी झाडांना फासला आहे. आता आमच्या गावच्या झाडांकडे पाहते तेव्हा त्यात पिवळा, तपकिरी, करडा, जांभळादेखील दिसतो.

पहाटे गडावर पोचले तेव्हा नदी दिसतच नव्हती. तिच्या वळणावरून धुक्याचा जाड पट्टा गेला होता, म्हणजे नदी कुठे आहे ते धुक्यानेच दाखवलं. पेन्सिलचं काम मी थोडक्यात उरकते. क्षितिज कुठे, नदीची वळणं कुठे अरुंद होतात, परशुरामच्या डोंगराचा उतार कुठे पाण्याला टेकतो, बस. वाशिष्ठीचं वळण मात्र नीट पाहून काढलं. वरून पाहताना नदीचे दोन्ही काठ लांब जाता जाता आडव्या रेघेत मिटत जातात. लहान मुलं नदी उभी काढतात, रस्त्यासारखी चढत जाणारी. ती आडवी आहे हे पटलं की पाणी सपाट दिसतं, नाहीतर ते डोंगरावरून घरंगळल्यासारखं दिसतं.

मग पाणी. मोठ्या चपट्या ब्रशने क्षितिजाच्या वरचा सगळा कागद स्वच्छ पाण्याने भिजवला आणि आभाळ टाकलं. खाली, डोंगरांच्या रेघेजवळ, रॉ सिएनाचा अगदी पातळ हात, आणि वर जाता जाता कोबाल्ट. हाच पिवळसर हात नदीच्या लांबच्या भागातही खाली ओढला, कारण ते पाणी म्हणजे तेच आभाळ आहे. वळणावरचा एक चमकणारा तुकडा मात्र कोराच ठेवला.

पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखून ठेवावा लागतो. कागदाचा पांढरा हाच सगळ्यात मोठा उजेड. हे कुणी कमालीच्या ताकदीने केलं असेल तर आमच्याच कोकणातल्या माणसाने. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बोटांमधून झिरपणारा तो प्रकाश, चेहऱ्यावर पडलेली आभा, हे सगळं पाणी आणि कागद यांच्या जोरावर आहे. डोंगर-नदी करताना मला ते चित्र आठवतं, कारण तिथे सगळा अंधार रंगवला आहे आणि उजेड वाचवला आहे. नदीवरचा एवढासा तुकडा कोरा ठेवायलासुद्धा धीर लागतो. हात सारखा तिकडे जातो.

आभाळ टाकल्यावर थांबायचं असतं. किती, हेच जलरंगातलं अर्धं शिक्षण. कागद ओला असतो त्याच्या पायऱ्या असतात. पहिल्यांदा त्यावर पाणी चकाकतं. मग ती चकाकी जाते, पण बोटांच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श केला तर कागद गार लागतो. म्हणजे आत ओल आहे. गारवाही गेला म्हणजे वाळला. पहिल्या पायरीवर रंग टाकला तर तो हवा तिकडे पळतो, आकार राहत नाही. तिसरीवर टाकला तर कडा चाकूने कापल्यासारखी उमटते. लांबच्या डोंगरांची जागा दुसरीवर. कडा असते पण बोचत नाही, आकार कळतो आणि तरी तो हवेत असतो.

इथे एक गोष्ट मला इतकी आवडली की तेवढ्यासाठीही हे लिहावंसं वाटलं. पुण्यात उन्हाळ्यात काम केलं तर ही दुसरी पायरी येते आणि जाते, कळतही नाही. कोकणात थंडीच्या सकाळी दमट हवेत आणि धुक्यात ती लांबते. घाई न करता एकामागे एक रांगा त्या ओलीत बसवता येतात. आणि चित्रातही तेव्हा लांबच्या, धूसर गोष्टीच करायच्या असतात. मग ऊन चढतं, धुकं उठतं, हवा कोरडी होते आणि कागद भराभर वाळायला लागतो. नेमक्या त्याच वेळी जवळच्या, ठसठशीत कडांच्या गोष्टींची पाळी येते: झाडं, होड्या, पुढचा जांभा. गोविंदगडावरची थंडीतली सकाळ जलरंगाच्या क्रमानेच उलगडते. तिच्याबरोबर चालायचं, तिच्यापुढे जायचं नाही.

तर पहिली रांग. कोबाल्टमध्ये कणभर लाइट रेड, म्हणजे निळसर करडा. ब्रशमधला रंग कागदावरच्या ओलीपेक्षा दाट हवा. पातळ असला तर ते जास्तीचं पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि वेडावाकडा काठ उमटतो, तो मग निघत नाही. रांगेची वरची रेघ काढून खालची बाजू स्वच्छ, जेमतेम ओल्या ब्रशने पुसत नेली, म्हणजे डोंगराचा पाय धुक्यात विरतो. सकाळी खरोखर तसंच दिसतं. माथा स्पष्ट, पायथा नाहीच.

आणि माथा सपाट. सह्याद्री हा लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. भाकऱ्यांची चळत एका बाजूने तुटलेली असावी तसा. म्हणून त्याची क्षितिजरेषा लांब आडवी जाते, मधेच एकदम खाली तुटते, पुन्हा आडवी जाते. ही आडवी-उभी चाल हातात आली की डोंगर सह्याद्रीचा होतो. नाहीतर तो कुठल्याही कॅलेंडरवरचा डोंगर. मी पहिल्या रांगेला फक्त बाह्यरेषेतून ही चाल दिली. दुसरी रांग थोडी जवळची, तिच्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. या जोडीची एक खुबी आहे. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर रंगात बारीक दाणा दिसतो. लांबून तो दाणा रानाचा वाटतो. एकही झाड न काढता डोंगरावर रान उभं राहतं. रंग अर्धवट ओला असताना ब्रश निथळून, पिळून, दोन-तीन ठिकाणी आडवा रंग उचलला. तेवढ्या फिकट पट्ट्यांनी कडे आणि उतार वेगळे झाले. यापुढे हात लावला नाही. लांबच्या डोंगरावर जास्त काम केलं की तो पुढे येतो, आणि एकदा पुढे आला की त्याला मागे ढकलायला काही उपाय नाही.

परशुरामच्या डोंगरापर्यंत पोचले तेव्हा ऊन आलं होतं. हा डोंगर जवळचा, म्हणून त्याला निळा नाही, हिरवा-तपकिरी. अल्ट्रामरीनमध्ये पिवळा आणि त्यावर बर्न्ट सिएना. उन्हाच्या बाजूला जानेवारीत गवत वाळलेलं असतं, तिथे रॉ सिएना नुसता. सावलीच्या बाजूला झाडी दाट. आणि त्यात महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी घाट कापला आहे त्याचा तांबडा पट्टा. तो घ्यावा की गाळावा, यावर मी ब्रश हातात धरून विचार केला. पुष्कळ जण तो गाळतात, विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरेही गाळतात, आणि हिरवागार अखंड डोंगर रंगवतात. विकायला तो बरा. पण मला जो डोंगर रोज दिसतो त्याच्या अंगावर तो पट्टा आहे. दर पावसाळ्यात तिथली माती खाली येते की काय म्हणून आमचे लोक धसका घेऊन घाट उतरतात. लाइट रेड आणि बर्न्ट सिएनाचा एक हात, ओलसर हिरव्याला टेकवून, कडेला थोडा मिसळू दिला. खरं सांगायचं तर चित्रातला तो एकमेव उबदार ठिपका, आणि नजर तिथूनच खाली पाण्याकडे उतरते. गाळला असता तर हिरव्या-निळ्याचा सगळा मामला सपक झाला असता.

मामा वर आले ते याच सुमाराला. माझ्यामागे उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “होडी घेनार ना?”

“घेणार. कुठे घेऊ सांगा.”

त्यांनी जागा दाखवली, बेटाच्या आडोशाला, जिथे खरंच दोन होड्या होत्या. आणि म्हणाले, “तोंड बघून काड हां. नांगरलेली होडी पान्याकडं तोंड करते. भरतीला तिकडं, सुकतीला हिकडं. आता पानी उभं हाय, म्हनून दोगी दोन दिशेला.” मी नीट पाहिलं. खरंच, एकीचं नाक दाभोळच्या बाजूला आणि दुसरी आडवी पडली होती. होडी काढताना तिचा आकार, तिची सावली, तिचा रंग यांचा विचार मी नेहमी करते. तिचं तोंड पाण्याची वेळ सांगतं हे मला नवीन होतं. पाण्याचं चित्र करणाऱ्या माणसाने पाण्यावर राबलेल्या माणसाचं ऐकावं.

पाणी रंगवायला घेतलं तेव्हा ते उभंच होतं. गडावरून, म्हणजे उंचावरून, पाण्याकडे पाहताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. लांबचं पाणी आपल्याला अगदी तिरकं दिसतं, ते जवळजवळ सगळं आभाळ परत पाठवतं. गडाच्या पायाशी असलेलं पाणी आपण वरून पाहतो, तिथे प्रतिबिंब कमी आणि पाण्याचा स्वतःचा रंग जास्त, हिवाळ्यात मळकट हिरवा. म्हणून नदी वरून खाली येता येता गडद होत जाते, आभाळाच्या उलट. मी बोर्डाखाली जांभ्याचा एक दगड सरकवला, उतार दिला आणि लांबच्या वळणापासून एकाच हातात, न थांबता, रंग दाट करत खाली आणला. पातळ कोबाल्ट, मग रॉ सिएना मिसळलेला, मग अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएना-पिवळा. मधे थांबलं तर काठ धरतो, आणि पाण्यावर मधोमध पडलेला काठ लपत नाही.

तो हात ओला असतानाच प्रतिबिंब. परशुरामच्या डोंगराचं प्रतिबिंब म्हणजे डोंगराची उलटी नक्कल नव्हे. उंचावरून पाहताना ते आखूड पडतं, कारण पाण्यात डोंगराचं जे दिसतं ते पाण्याच्या पातळीवरून वर बघितल्यासारखं असतं, आपल्या जागेवरून नव्हे. काठाजवळची झाडं तेवढी पूर्ण उतरतात, मागचा उंच माथा त्यांच्या आड जातो. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा जरासं फिकट, आणि उजळ वस्तूचं जरासं गडद. ब्रश सरळ वरून खाली ओढायचा, तिरका नाही. आणि रंग ओल्यात आपोआप मऊ होऊ द्यायचा. तो तांबडा पट्टाही पाण्यात एवढासा उतरवला.

कांदळवन शेवटाकडे, आणि त्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. लांबून ती एक हिरवी पट्टी वाटते, जवळून पाहिलं तर चिपी आणि तिवर या दोन झाडांचे दोन रंग आहेत. चिपीचा हिरवा भरलेला, जरा पिवळट. तिवराच्या पानाची पाठ पांढुरकी असते, वारा आला की पानं उलटतात आणि अख्खं झाड राखी दिसतं. त्या राखी हिरव्यासाठी कोबाल्ट, रॉ सिएना आणि लाइट रेडचा थेंब. भरती पूर्ण असल्यामुळे खोडं, मुळं काही दिसत नव्हती. पानांचा घेर थेट पाण्यावर टेकला होता. तिथे खाली एक सरळ, बारीक, गडद रेघ मारली, रिगर म्हणजे लांब, बारीक केसांच्या ब्रशने, श्वास रोखून. त्या एका रेघेने सगळं पाणी सपाट बसलं.

पुढे गडाच्या उतारावरचं वाळकं गवत आणि जांभ्याचे दोन दगड. जांभ्याला भोकं असतात, ती एक एक काढायची नाहीत. ब्रश जवळजवळ कोरडा करून बर्न्ट सिएना कागदावरून आडवा घासला की कागदाचे उंचवटे रंगतात आणि खळगे कोरे राहतात. तो कागदच जांभा होतो.

तोवर पाणी फिरलं होतं. पाण्यावर तरंगणारा एक झावळीचा तुकडा मघाशी जागेवर होता, तो आता दाभोळकडे सरकायला लागला, आणि आडवी होडी वळली. प्रतिबिंबाच्या कडा थरथरल्या. मी ब्रश धुतले.

घरी आणल्यावर चित्र दोन दिवस तसंच बोर्डावर ठेवलं. टेप काढायची ती कागद आतपर्यंत वाळल्यावर, आडवी दुमडून, सावकाश. ओल राहिली असेल तर कागदाचा पापुद्रा टेपबरोबर येतो. फ्रेम करताना मधे माउंट बोर्ड घातला, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही. आमच्या हवेत काच आणि कागद यांच्यामधे फट नसेल तर दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी धरते, हे कोकणात चित्र लावणाऱ्या प्रत्येकाने फ्रेमवाल्याला बजावून सांगावं. मागून ब्राउन पेपर, आणि भिंतीपासून थोडं सुटं राहावं म्हणून खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे.

आता त्याच जागेवरून सुकतीचं चित्र करायचं आहे. तेव्हा आभाळ पाण्यात कमी दिसेल आणि चिखल जास्त. तो चिखल राखाडी म्हणतात, पण त्यात जांभळा आहे, हिरवा आहे, ओल्या भागावर आभाळाचा निळा आहे. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतील, बेटाला किनार असेल, आणि दोन्ही होड्यांची तोंडं पोफळीच्या दिशेला. सकाळी साडेनऊच्या आसपास इथे पूर्ण सुकती हवी, तर समुद्रावर ती साधारण साडेआठला, म्हणजे भरती पहाटे सव्वादोनला. तृतीया. पुनवेचं नाहीतर अवसेचं उधाण तेव्हा नुकतंच ओसरायला लागलेलं असतं, पाणी खूप खाली जातं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, “तिसरेला ये, पन टोपी घालून ये. चिखलावरचं ऊन डोळ्याला लागतं.”